वडिलांचे उत्तर मुलाच्या तोंडी : शुश्रूषेतील आत्मपरीक्षणाचे एक प्रकरण

हे प्रकरण पुण्यातील कर्वेनगर भागात राहणाऱ्या एका कुटुंबाचे आहे. कुटुंबीयांच्या संमतीने ते येथे मांडले असून ओळख पटू शकेल असे तपशील बदलले आहेत. समुपदेशनासाठी आलेले गृहस्थ ४७ वर्षांचे, हिंजवडीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत वरिष्ठ पदावर काम करणारे. घरात पत्नी, दहावीत शिकणारी मुलगी आणि ७९ वर्षांचे वडील. वडिलांची सारी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात झाली आणि मुलाचे लहानपण रेंज हिल्सच्या क्वार्टर्समध्ये गेले. आई काही वर्षांपूर्वी वारली. मुलगा वडिलांना ‘अण्णा’ म्हणतो आणि त्यांच्याशी ‘तुम्ही’ असेच बोलतो. बापलेकांत भांडण असे कधी झाले नाही, कारण भांडायला जेवढे बोलावे लागते तेवढेही त्यांच्यात बोलणे नव्हते.

अण्णांना पक्षाघाताचा झटका आला तो मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात आणि पाय लुळा पडला आणि वाचेवर परिणाम झाला. मेंदूतील ज्या भागाचा बोलण्याशी असलेला संबंध पॉल ब्रोका या फ्रेंच वैद्याने १८६१ साली दाखवून दिला, तो भाग दुखावला की रुग्णाला समोरच्याचे बोलणे बऱ्याच अंशी कळत असते, आपल्याला काय म्हणायचे आहे हेही ठाऊक असते, परंतु शब्द ओठांपर्यंत यायला फार वेळ लागतो आणि आला तरी तुटक येतो. अण्णांचा वाचाघात याच प्रकारचा होता. शिवाय पक्षाघातानंतरच्या सुरुवातीच्या काळात सुमारे निम्म्या रुग्णांना गिळण्याचा त्रास होतो, तसा तो त्यांनाही झाला. अशा रुग्णाच्या श्वासनलिकेत अन्न गेले तर न्यूमोनियाची भीती असते, म्हणून घास भरवणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

मुलाची तक्रार त्याच्याच शब्दांत अशी होती : “मी सगळं करतोय. फिजिओथेरपिस्ट घरी येतो, पलंग हॉस्पिटलसारखा आणलाय, ब्यूरोच्या मावशी दिवसभर असतात, एकही औषध कधी चुकलेलं नाही. तरी अण्णा माझ्या हातून जेवत नाहीत. तोंड फिरवतात. मावशींच्या हातून मात्र सगळं वरणभात संपवतात.” हे सांगताना त्याचा आवाज चढला होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, की आपल्याला वडिलांविषयी प्रेम वाटतच नसावे आणि ते त्यांना कळत असावे.

हे शेवटचे वाक्य मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे वाटले. कर्तव्यात कसूर नाही, खर्चाला मागेपुढे पाहणे नाही, आणि तरीही आपल्यात प्रेम नाही अशी कबुली देणारा माणूस बहुधा प्रेमशून्य नसतो, कारण ज्याला खरोखर काही वाटत नाही त्याला हा प्रश्न छळत नाही. काहीतरी आड येत होते. ते काय आहे हे त्यालाच शोधावे लागणार होते.

त्याआधी काही गोष्टी बाजूला काढणे आवश्यक होते. पक्षाघाताच्या सुमारे एक-तृतीयांश रुग्णांना पुढे नैराश्य येते आणि जेवण नाकारणे हे त्याचे लक्षण असू शकते, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडून अण्णांची तपासणी करून घेतली. नैराश्य आढळले नाही. गिळण्याची पुन्हा चाचणी झाली आणि मऊ अन्न ते सुरक्षितपणे गिळू शकतात असे स्पीच थेरपिस्टने सांगितले. म्हणजे अडचण अण्णांच्या घशात नव्हती.

यानंतर मी एका रविवारी घरी जाऊन दुपारचे जेवण पाहिले. मुलाने पलंगाचा वरचा भाग उचलला, पण अर्धाच, त्यामुळे अण्णा बसण्याऐवजी रेलल्यासारखे झाले. तो स्वतः उभा होता, डाव्या हातात वाटी, उजव्या हातात मोठा चमचा, आणि पलंगाच्या कडेला फोन, ज्याच्याकडे त्याची नजर वारंवार जात होती. पहिला घास गिळून व्हायच्या आतच दुसरा ओठांशी आला. अण्णांनी डावा हात थोडा वर केला आणि “भ… भ…” असा आवाज काढला. मुलगा म्हणाला, “भात? भात हवा? हा भातच आहे, अण्णा.” अण्णांनी मान हलवली. “मग भाजी? भाजी तिखट आहे, तुम्हाला चालत नाही.” अण्णांनी तोंड फिरवले, आणि मुलाने माझ्याकडे पाहिले, ‘बघा’ अशा अर्थाने. अण्णांना काय हवे होते ते त्या दिवशी कोणालाच कळले नाही.

या सगळ्याविषयीच्या सूचना फ्रिजवर चिकटवलेल्या होत्या. स्पीच थेरपिस्टने त्या पहिल्याच आठवड्यात लिहून दिल्या होत्या : रुग्णाला शक्य तितके ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली असावी, लहान चमचा वापरावा, एक घास गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा द्यावा, आपण रुग्णाच्या नजरेच्या पातळीवर बसावे, हो-नाही उत्तराचे प्रश्न विचारावेत, शब्द पूर्ण करून देऊ नये, थांबावे. मुलाला यांतील प्रत्येक सूचना पाठ होती, कारण तो कागद फ्रिजवर त्यानेच लावला होता. मावशींना तो वाचता येत नव्हता, पण त्यांचे वागणे कागदात लिहिल्याप्रमाणेच होते. त्या स्टुलावर बसत, आपल्या गावाकडच्या गोष्टी सांगत आणि घास देऊन थांबत. “आजोबांना घाई चालत नाही,” एवढेच त्यांचे स्पष्टीकरण होते. मात्र मावशींची आणि मुलाची तुलना करून मुलाला कमी लेखणे अन्यायाचे होईल असे माझे मत आहे. मावशींना या माणसाबरोबर भूतकाळ नव्हता. ज्याच्याशी मागचा काही हिशेब नाही त्याच्याजवळ शांत बसणे सोपे असते.

मुलाचा हिशेब होता, आणि तो त्याला तोंडपाठ होता. नववीत असताना त्याला इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळाली होती. दहावीनंतर अभिनव कला महाविद्यालयात जायचे असे त्याने मनात ठरवले होते. वडिलांनी एका वाक्यात विषय संपवला : “चित्रं काढून पोट भरत नाही.” पुढे डिप्लोमा, मग इंजिनिअरिंग, मग नोकरी. “अण्णांनी माझं कधी ऐकूनच घेतलं नाही,” हे वाक्य पहिल्या काही भेटींत पुन्हा पुन्हा आले.

आत्मपरीक्षण करायचे म्हणून त्याने स्वतःहून डायरी लिहायला घेतली होती. त्या डायरीची पाने त्याने मला वाचून दाखवली. अण्णा असे का वागले, त्यांना माझी किंमत का नव्हती, मी असा का झालो, असे प्रश्न आणि त्यांची लांबलचक उत्तरे त्यांत होती. भाषा उत्तम होती. पण लिहून झाल्यावर कसे वाटते, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, “अजून राग येतो.” पॉल ट्रॅपनेल आणि जेनिफर कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये स्वतःकडे लक्ष देण्याचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले : एकात माणूस भय, सल किंवा अन्याय यांच्याभोवती घोटाळत राहतो, तर दुसऱ्यात तो कुतूहलाने स्वतःला पाहतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, आणि दोघांनाही माणसे आत्मपरीक्षणच म्हणतात. पहिल्या प्रकारात माणूस स्वतःविषयी तासन्‌तास विचार करतो आणि तरी स्वतःला पाहत नाही, कारण त्याच्या नजरेसमोर सतत दुसराच असतो. ही डायरी मुलाविषयी नव्हतीच. ती अण्णांवरचे आरोपपत्र होती.

एका भेटीत त्याने विचारले, की आपण विपश्यनेला जावे का. पुण्यात स्वारगेटजवळ दादावाडीत केंद्र आहे आणि त्याचे दोन सहकारी शिबिर करून आले होते. घर सोडून दहा दिवस जाणे त्याला त्या वेळी शक्य नव्हते, त्यामुळे तो विषय तेथेच थांबला. पण त्या शिबिराच्या रचनेतील क्रम मला या प्रकरणासाठी उपयोगी वाटला आणि तो मी त्याला सांगितला. आधी काही दिवस फक्त श्वासाकडे लक्ष, चौथ्या दिवसापासून शरीरावरील संवेदनांचे निरीक्षण, आणि सर्वांविषयी मंगल मैत्रीची भावना शिकवली जाते ती थेट दहाव्या दिवशी. मैत्री आधी अंगी बाणवा आणि मग स्वतःकडे पाहा, असे तेथे सांगत नाहीत.

आम्ही जी पद्धत वापरली ती जपानमधील नाइकान. योशिमोतो इशिन या गृहस्थांनी ती विसाव्या शतकाच्या मध्यास बौद्ध परंपरेतील एका कठोर आत्मशोधनातून सोपी करून घडवली, आणि पुढे ती तेथील तुरुंगांतही वापरली गेली. मूळ स्वरूपात माणूस आठवडाभर एका पडद्याआड बसून आयुष्यातील एकेका व्यक्तीविषयी तीनच प्रश्नांची उत्तरे शोधतो : या व्यक्तीकडून मला काय मिळाले, मी तिला काय दिले, आणि मी तिला कोणता त्रास दिला. त्या व्यक्तीने मला कोणता त्रास दिला हा चौथा प्रश्न जाणूनबुजून वगळलेला आहे, कारण त्याचे उत्तर प्रत्येकाजवळ तयारच असते. उत्तरे भावनांची नकोत, घडलेल्या गोष्टींची हवीत, आणि तीही काळाच्या ठरावीक टप्प्यापुरती, असा दंडक असतो.

येथे एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. ज्यांनी घरात मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसले आहेत, त्यांना छळ करणाऱ्याविषयी हा तिसरा प्रश्न विचारायला लावणे घातक ठरू शकते. अशा माणसाला आधी सुरक्षितता आणि झाला तो अन्यायच होता याची मान्यता हवी असते. या घरात तसे काही घडलेले नाही याची खात्री झाल्यानंतरच ही पद्धत निवडली. मुलाने रोज सकाळी कामावर निघण्यापूर्वी अर्धा तास बसायचे, टप्प्याटप्प्याने फक्त घटना लिहायच्या आणि आठवड्यातून एकदा त्या मला वाचून दाखवायच्या, असे ठरले. एका आठवड्यात शाळेपूर्वीची वर्षे, पुढच्या आठवड्यात चौथीपर्यंतची, असे करत आजारपणापर्यंत यायचे होते.

सुरुवातीच्या टप्प्यांत विशेष काही हाती लागले नाही. ‘अण्णांनी मला शाळेत घातले, वह्यापुस्तके घेतली,’ अशी सर्वांनाच लागू पडतील अशी वाक्ये त्याने आणली, आणि मी त्याला एकच विचारत राहिलो : कोणत्या दिवशी, कुठे, अंगावर कोणते कपडे होते, हातात काय होते? सातवी ते दहावीच्या टप्प्यात मात्र तो एका आठवणीपाशी अडला. ग्रेड परीक्षेच्या दिवशी त्याला केंद्रावर सायकलवरून अण्णांनीच सोडले होते. रात्रपाळी करून ते सकाळी घरी आले होते आणि कपडेही न बदलता निघाले होते. पेपर सुटेपर्यंत ते शाळेच्या फाटकाबाहेर उभे होते. ड्रॉइंगच्या क्लासची फी आणि रंगपेटी यांचे पैसेही त्यांच्याच पगारातून गेले होते. हे सर्व त्याला ठाऊक होते; विसरले असे काहीच नव्हते. पण ‘अण्णांनी माझं कधी ऐकलं नाही’ या कथेत त्या सायकलला जागा नव्हती, म्हणून ती इतकी वर्षे बाहेर राहिली होती.

या आठवणीने अन्याय पुसला गेला असे त्याने मानू नये, हे मी त्याला स्पष्ट सांगितले. मुलाची इच्छा एका वाक्यात मोडून काढणे हे चुकीचेच होते, आणि ज्या वडिलांनी ते केले तेच वडील फाटकाबाहेर उभेही होते. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत हे त्याला पहिल्यांदा दिसत होते.

खरा बदल तिसऱ्या प्रश्नातून, आणि तोही आजारपणानंतरच्या टप्प्यात झाला. त्या आठवड्यात त्याने आणलेल्या पानावर पाच-सहाच ओळी होत्या. पहिली ओळ अशी : ‘न्यूरोलॉजिस्टनी अण्णांना विचारलं, रात्री झोप लागते का. उत्तर मी दिलं.’ दुसरी : ‘अण्णा “पा” म्हणाले. मी पाणी आणलं. त्यांनी ते ढकललं. मी म्हणालो, मग उगाच बोलावता कशाला.’ तिसरी : ‘मुलीनं आजोबांना कोणता चॅनेल लावू विचारलं. मी म्हणालो, त्यांना बातम्याच आवडतात.’ त्याने हे सपाट आवाजात वाचले, मग कागद खाली ठेवला आणि बराच वेळ गप्प राहिला. नंतर म्हणाला, “म्हणजे आता मी त्यांचं ऐकत नाही.”

हे वाक्य मी त्याच्या तोंडी घातलेले नाही, आणि कोणत्याही समुपदेशकाने घालू नये. मीच ते आधी बोलून दाखवले असते तर तो आणखी एक आरोप ठरला असता आणि त्याने स्वतःचा बचाव केला असता. वडिलांनी त्याला बोलू दिले नाही हे दुःख त्याने तीस वर्षे जपले होते, आणि वडिलांचा शब्द तोंडात असतानाच तो त्यांच्या वतीने बोलून मोकळा होत होता. सूड घेण्याची त्याची इच्छा नव्हती. पण ज्याच्याकडे आपण कधी नीट पाहिलेले नाही असे दुखणे आपल्या वागण्यात शिरतेच, आणि ज्याच्यावर प्रेम करायचे त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी मध्ये उभे राहते. फ्रिजवरचा कागद त्याला महिनोन्‌महिने पाळता आला नाही याचे कारण मला येथे दिसते. ‘थांबावे’ ही सूचना तंत्राची आहे, पण ती पाळायची तर समोरचा काहीतरी सांगतो आहे हे आधी मान्य करावे लागते.

त्यापुढच्या भेटीला पत्नीही आल्या. त्यांनी सांगितलेले एक निरीक्षण महत्त्वाचे आहे : “हे अण्णांशी बोलतात तेव्हा मला ऑफिसचा कॉल चाललाय असंच वाटायचं. सगळे मुद्दे घेऊन झाले की संपलं.” त्यांनी हेही सांगितले, की सासऱ्यांच्या आजारपणाचा बराच भार त्या उचलत आहेत आणि त्यांना याविषयी कोणी काही विचारलेले नाही. मुलाने तिसरा प्रश्न पत्नीविषयीही लिहावा, असे तेथेच ठरले.

अलीकडे ‘आधी स्वतःवर प्रेम करा, मग दुसऱ्यावर करता येईल’ असा सल्ला सर्रास दिला जातो. या प्रकरणात तो निरुपयोगी ठरला असता असे माझे ठाम मत आहे. या गृहस्थाला स्वतःला गोंजारण्याची गरज नव्हती. उलट आपण किती करतो आहोत याची यादी तो आधीच रोज स्वतःला ऐकवत होता. गरज होती ती स्वतःला जसे आहोत तसे, कृतींसकट पाहण्याची. याला बळ देणारे एक संशोधन येथे नोंदवतो. पीटर फोनागी, मिरियम स्टील आणि हॉवर्ड स्टील यांनी १९९१ मध्ये लंडनमध्ये पहिलटकरणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. या स्त्रिया स्वतःच्या बालपणाविषयी किती सुसंगतपणे बोलतात हे त्यांनी बाळंतपणापूर्वीच मुलाखती घेऊन पाहिले, आणि बाळ वर्षाचे झाल्यावर त्याचे आईशी जडलेले नाते सुरक्षित आहे का हे तपासले. सुमारे तीन-चतुर्थांश वेळा आधीच्या मुलाखतीवरून बांधलेला अंदाज खरा ठरला. मुलाखतीत वजन होते ते बालपण सुखाचे की दुःखाचे याला नव्हे, तर आई त्याविषयी न लपवता, न भरकटता बोलू शकते का, याला. तो अभ्यास आई आणि बाळ यांचा आहे, म्हातारे वडील आणि प्रौढ मुलगा यांचा नाही, त्यामुळे तो जसाच्या तसा येथे लावता येणार नाही. तरी स्वतःच्या भूतकाळाकडे सरळ पाहता येणे आणि दुसऱ्याची निगा राखता येणे यांचा संबंध त्यातून पुरेसा स्पष्ट होतो.

पुढील काळात मी घरी दोनदा जेवणाच्या वेळी गेलो. पलंग पूर्ण उचललेला होता, फोन बाहेरच्या खोलीत होता, मुलगा स्टुलावर बसला होता. त्याने मेतकूट-भाताचा लहान घास दिला आणि अण्णांच्या कंठाची हालचाल थांबेपर्यंत हात मांडीवर ठेवला. अण्णांनी पुन्हा तोच “भ… भ…” आवाज काढला. मुलाचे ओठ हलले, पण तो बोलला नाही. बऱ्याच वेळाने अण्णांनी डाव्या हाताने खिडकीकडे बोट दाखवले आणि ‘भगभग’ हा शब्द कसाबसा पुरा केला. दुपारचे ऊन थेट त्यांच्या डोळ्यांवर येत होते. मुलाने उठून पडदा ओढला. अण्णांनी त्या दिवशी सगळा भात खाल्ला.

या सुधारणेचे सर्व श्रेय आत्मपरीक्षणाला देणे बरोबर होणार नाही. पक्षाघातानंतर पहिल्या काही महिन्यांत मेंदू आपोआपही बराच सावरतो, आणि स्पीच थेरपी या काळात नियमित चालू होती. मुलाच्या वागण्यातला बदल मात्र या दोहोंनी समजावून सांगता येत नाही. सुरुवातीला त्याने प्रेमाचा प्रश्न विचारला होता, तो त्याने पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही.

एका भेटीत त्याने सांगितले, की चित्रकलेची गोष्ट त्याने अखेर अण्णांजवळ काढली. हो-नाहीत उत्तर देता येईल असा प्रश्न त्याने नीट ठरवून विचारला : “अण्णा, मला तेव्हा नाही म्हणालात, त्याचं तुम्हाला नंतर वाईट वाटलं का?” मग तो थांबला. अण्णांचे उत्तर आले : “नाही.” उच्चार स्वच्छ होता. मुलगा म्हणाला, की त्याला धक्का बसला, राग आला, आणि तरी तो तेथेच बसून राहिला, कारण अण्णांचे म्हणणे अजून संपलेले नव्हते. डाव्या हाताने त्यांनी नातीच्या खोलीकडे बोट केले आणि ‘तिला’ एवढे म्हणाले. त्याचा अर्थ तिला जाऊ दे असा होता की आणखी काही, हे मुलाने हो-नाहीचे प्रश्न विचारून पाहिले, पण अण्णा दमले होते आणि ते बोलणे अपुरे राहिले.

सध्या भेटी महिन्यातून एकदा होतात. रात्रीच्या पाळीला ब्यूरोकडून माणूस ठेवावा की नाही यावर घरात अजून एकमत झालेले नाही, आणि त्याविषयीचा प्रश्न अण्णांनाही विचारायचा असे ठरले आहे. पत्नीने स्वतःसाठी वेगळी वेळ मागितली असून त्यांच्या भेटी पुढील आठवड्यापासून सुरू होतील.